मायदेश म्हणजे नेमका कुठला देश?

पैलतीर

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या (जर्मनी) मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा माझ्यासकट चौघांकडे आलंय. लेख सगळे आलेत, मुद्रितशोधन चालू आहे आणि एका वाक्यापाशी आम्ही चौघंही अडकून बसलोय. अकरावीतल्या एका मुलीचा लेख आहे, तिचा जन्म इथलाच, घरात मराठी बोलते आणि लिहायला आमच्या शनिवारच्या शाळेत शिकली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे साताऱ्याला राहून आली त्याबद्दल इतकं छान लिहिलंय की काही म्हणता काही बदलावंसं वाटत नाही. फक्त शेवटचं वाक्य असं आहे: "सुट्टी संपली आणि आम्ही मायदेशी परतलो." म्हणजे भारतातून जर्मनीला.

आमच्यातल्या एका काकांनी लगेच लाल रेघ मारून "मायदेशी" चं "घरी" केलं. त्यांच्या मते मायदेश म्हणजे भारत, यात चर्चेसारखं काही नाहीच. एक ताई म्हणाल्या की तिचा जन्म इथला, पासपोर्ट इथला, मित्रमैत्रिणी इथल्या, मग तिचा मायदेश दुसरा कुठला असणार. मला वाक्य वाचताना जरासं खटकलं, पण का खटकलं ते धड सांगता येईना म्हणून तिला विचारून ते वाक्य इथे टाकतोय. मायदेश म्हणजे आईचा देश, जन्माचा देश, पासपोर्टचा देश की अजून काही?

शब्दवेडी

आधी शब्दाच्या घडणीबद्दल. माय हा मूळच्या मातृ वरून प्राकृतातून मराठीत आलेला शब्द आणि देश हा जसाच्या तसा संस्कृतातला. मायबोली, मायभूमी, मायमराठी हे सगळे याच घडणीचे. लिंग शेवटच्या शब्दाचं धरायचं, म्हणून माझी मायबोली पण माझा मायदेश.

आता अर्थ. मायदेश म्हणजे "आईचा देश" असा षष्ठीचा अर्थ लावला की काकांचं बरोबर ठरतं, कारण मुलीची आई भारतातली. पण मायभूमी म्हणजे कुणी "आईच्या नावावरची जमीन" असं समजत नाही ना! तिथे भूमीच आई असते. मायदेशातही देशच आईच्या जागी आहे, जन्मदात्री कुठली याचा त्या शब्दाशी संबंध नाही. तुमच्या ताईंच्या बाजूला माझं मत.

देवराई

मला काकांचं पटतं, आणि यात हट्टाचा भाग नाही, जरा समजून घ्या. जर्मनी तिची जन्मभूमी आहे हे कुणीच नाकारत नाहीये, उद्या ती कर्मभूमीही होईल. पण माय शब्दात जी ऊब आहे ती भाषा, घराणं, कुलदैवत, आजीच्या तोंडच्या गोष्टी यातून येते आणि हे सगळं तिला साताऱ्याकडून मिळालंय. त्या मुलीनं मराठीत लिहिलं हाच त्याचा पुरावा. जन्मभूमी आणि मायदेश हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत तर त्यांना वेगळी कामं देऊया की.

सीमापार

कायद्याच्या बाजूने थोडं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारताचं जातं. जर्मनीने २७ जून २०२४ पासून आपल्या बाजूने दुहेरीला परवानगी दिली पण त्याने भारताच्या बाजूचं काहीच बदललेलं नाही. त्यामुळे ही मुलगी जर्मन नागरिक असेल तर साताऱ्याला आजीकडे जायलाही तिला ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) नाहीतर व्हिसा लागतो. ओसीआयच्या नावात नागरिक शब्द आहे खरा, पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या देशात शिरायला परवानगी लागते त्याला मायदेश कसं म्हणायचं?

उंबरठा

@सीमापार, ही कसोटी टिकत नाही हो. माझे काका तरुणपणी अमेरिकेला गेले, पुढे तिथलं नागरिकत्व घेतलं, आता तेही ओसीआयवरच येतात. ते विमानतळावर उतरून "मायदेशी आलो" म्हणाले तर त्यांना कुणी अडवणार आहे का? कुणीच नाही. म्हणजे पासपोर्ट हा निकष नाही.

मला वाटतं आपण सगळे हा शब्द कोणत्या देशाला लावायचा यावर भांडतोय, आणि तो कुठून वापरला जातो ते बघतच नाहीये. पुण्यात राहणारा माणूस "काल मायदेशात खूप पाऊस झाला" असं म्हणतो का? "मायदेशात निवडणुका लागल्या" म्हणतो का? कधीच नाही, तो भारतात म्हणेल, आपल्याकडे म्हणेल, देशात म्हणेल. शाळेतली प्रतिज्ञा आठवा, "भारत माझा देश आहे", पुढे देशबांधव आहे, मायदेश कुठेच नाही, कारण म्हणणारा देशात उभा राहून म्हणतोय. पेपरात हा शब्द कुठे येतो बघा: अडकलेले विद्यार्थी मायदेशी परतले, खेळाडूंचं पार्थिव मायदेशी आणलं, मायदेशी रवाना, मायदेशाची ओढ. २०२० च्या मे मध्ये कोविडमुळे परदेशात अडकलेल्यांना आणणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली तेव्हा तर रोज हेड्डिंगमध्ये हा शब्द होता. प्रत्येक वेळी बोलणारा किंवा ज्याच्याबद्दल बोलतोय तो बाहेर आहे, नाहीतर बाहेरून येतोय.

माहेर हा शब्द अगदी असाच चालतो. मुळात मातृगृह, आईचं घर. पण लग्न न झालेली मुलगी आईच्याच घरात राहत असते आणि त्याला ती माहेर म्हणत नाही, घर म्हणते. तेच घर, त्याच भिंती, ती उंबरा ओलांडून गेली की माहेर होतं. आणि रूपंसुद्धा बघा, माहेरी, सासरी, गावी, परदेशी, मायदेशी, सगळ्यांना तो जुना सप्तमीचा ई लागलेला आहे, म्हणजे जाण्यायेण्याच्या वाक्यांत घासून घासून गुळगुळीत झालेले शब्द आहेत हे.

आता त्या मुलीचं वाक्य परत वाचा. ती बाहेर होती (साताऱ्याला), सुट्टी संपली आणि जिथून निघाली तिथे परत गेली. शब्दाच्या चालीप्रमाणे तिनं अगदी बरोबर जागी वापरलाय. आपल्याला खटकतं कारण आपण सगळ्यांनी आयुष्यभर हा शब्द एकाच दिशेच्या विमानात बसलेला पाहिलाय.

घाटपायथा

@उंबरठा, माहेरचं एकदम पटलं. मी कोकणातला, आमच्याकडे तर नुसता "देश" म्हटलं तरी भारत डोळ्यासमोर येत नाही. देशावर गेला म्हणजे घाट चढून वर गेला, कराड सातारा पुणे तिकडे. देशावरची माणसं, देशावरची ज्वारी. देशस्थ कोकणस्थ मधला देश तोच. देशमुख देशपांडे यांच्यातला देश म्हणजे परगण्याएवढा मुलूख. म्हणजे त्या मुलीची आजी आमच्या आजोबांच्या भाषेत "देशावरची" झाली :) एवढासा देश इतका मोठा कधी झाला हे शोधायला पाहिजे कुणीतरी.

मुलूख वरून आठवलं, मुंबईतले उत्तरेकडचे कामगार सुट्टीला "मुलुक" जातात, म्हणजे गावाला. आपण "गावी" जातो. बंगाली माणूसही देशचं घर म्हणतो ते पिढीजात गावातल्या घराला. सगळ्यांचा देश आधी गावाएवढाच होता बहुतेक.

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत आहे. करारात रिपॅट्रिएशन असा शब्द असतो, त्याचं मराठी कुणी केलं तर मायदेशी पाठवणी असंच होईल. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे तो आमचा हक्क आहे, साधारण अकरा महिन्यांच्या वर सलग ठेवता येत नाही आणि तिकीट जहाजमालकानं काढायचं. कोविडच्या वेळी क्रू चेंज बंद झाले तेव्हा हा हक्क कागदावर राहिला आणि हजारो खलाशी करार संपूनही जहाजावरच राहिले, तो काळ आठवला की अजून घशाशी येतं.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. आमच्यात कुणी मायदेश म्हणत नाही. "साइन ऑफ (करार संपवून जहाजावरून उतरणं) कधी?" आणि "घरी कधी?" एवढंच. जहाजावर पनामाचा झेंडा, मालक ग्रीक, कॅप्टन युक्रेनचा, मी रत्नागिरीचा, मेसमन फिलिपिनो. तिथे प्रत्येकाला घर आहे आणि देशाचं नाव आहे, मधला हा मोठा शब्द फक्त पत्रात आणि बातमीत येतो. काकांनी "घरी" केलं ते मला वाईट नाही वाटलं, शब्द म्हणून "घरी" जास्त जवळचा आहे. फक्त मुलीनं लिहिलेला शब्द खोडला ते नको होतं.

काळी_माती

धागा छान चाललाय पण एक गोष्ट आल्याशिवाय तो अपुरा राहील. १४ ऑगस्ट १९३१, मुंबई, मणिभवन. बाबासाहेब आणि गांधीजींची पहिली भेट. त्या भेटीत बाबासाहेब म्हणाले, गांधीजी, मला मायभूमी नाही. जिथे आम्हाला कुत्र्यामांजरापेक्षा वाईट वागवतात, प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला मी माझी मायभूमी कशी म्हणू, असा त्यांचा सवाल होता.

विचार करा, हे कोण म्हणतंय. जन्म इथला, शेकडो पिढ्या इथल्या, महाडला चवदार तळ्यावर १९२७ ला जाऊन आलेला माणूस. जन्म, आई, भाषा, कागद, वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्यांना उतरतो आणि तरी म्हणतो की हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही. कारण माय म्हटलं की तिनं लेकराला जवळ घेतलं पाहिजे, ती देणारी असली पाहिजे. @देवराई, तुम्ही जी ऊब म्हणालात ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. आणि याच माणसाने पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, "आम्ही, भारताचे लोक" अशी जिची सुरुवात आहे. माय नाही, लोक. मला ते फार मोठं वाटतं.

अजून एक, वतन. उर्दू हिंदीत वतन म्हणजे मायदेश, डोळे पाणावणारा शब्द. मराठीत वतन म्हणजे काय? पिढीजात हक्क. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन. आणि महार वतन, म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात गावाची आणि सरकारची रात्रंदिवस राबणूक. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणलं होतं, वतन गेलं मात्र १९५८ च्या कायद्याने. आमच्या घरात जुनी माणसं वतन शब्द काढायची तेव्हा आवाजात गोडवा नसायचा. एकच अरबी शब्द, एका भाषेत मायदेश झाला आणि दुसरीत बेडी.

देवराई

@काळी_माती, वाचलं, दोनदा वाचलं. माय म्हणजे देणारी, हा निकष मी जे म्हणत होतो त्यापेक्षा जास्त खरा आहे. त्या निकषाने बघितलं तर त्या मुलीला शाळा, सुरक्षितता, नागरिकत्व जर्मनीने दिलं आणि भाषा, गोष्टी साताऱ्याने. मग तिला दोन मायदेश आहेत म्हणायला हरकत नसावी. काकांना सांगा की भारताचा हक्क कमी होत नाही यात.

क्रिकेटवेडा

दोन नाही चालणार हो, मायदेशातली मालिका एकाच देशात असते :) आमच्याकडे हा शब्द सगळ्यात जास्त वापरतात पण. "इंग्लंडचा मायदेशात पराभव". तिथे माय म्हणजे पिच ओळखीचं, बाकी काही नाही.

सिंधुकाठ

मी उल्हासनगरचा, मराठी माध्यमात शिकलो म्हणून इथे वाचत असतो. आमच्या आजोबांचं गाव सिंधमधलं शिकारपूर. १९४७ नंतर ते कल्याण कॅम्पला आले, त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. सिंधी लोकांना "परत मायदेशी जा" असं कुणी म्हणू शकत नाही आणि "मायदेशी आलात" असंही कुणी म्हटलं नाही, म्हणायचे निर्वासित. आजोबा भारतातच जन्मले, भारतातच वारले, मधल्या काळात त्यांचं गाव देशाबाहेर गेलं. ते सिंध म्हणायचे, शिकारपूर म्हणायचे, पण मायदेश म्हटलेलं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. त्यांची चावी, जमिनीचे कागद, सगळं अजून आमच्या कपाटात आहे. उंबरठा ताईंचं म्हणणं की बाहेर गेल्यावर शब्द येतो. इथे माणूस बाहेर गेला, शब्द आलाच नाही, कारण परत जाण्याचं दारच बंद होतं. परतीची शक्यता असेल तरच बहुतेक मायदेश म्हणता येतं.

उंबरठा

@सिंधुकाठ, हे मी धरलंच नव्हतं आणि अगदी खरं आहे. मायदेश बहुतेक वेळा परतणे, जाणे, पाठवणे, ओढ या शब्दांसोबतच येतो. म्हणूनच "मायदेशी पाठवणी" ही बातमी वाचताना मला अलीकडे धास्ती वाटते. संकटातून सोडवून आणलेल्यांना तोच शब्द आणि बेड्या घालून विमानात बसवलेल्यांनाही तोच. रोहिंग्यांबद्दल लिहितानाही "मायदेशी परत पाठवा" म्हणतात, आणि म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आपलं मानलेलंच नाही. पाठवणाऱ्याने दुसऱ्याचा मायदेश ठरवायचा हे बरोबर नाही, तिथे सरळ हद्दपारी लिहावं.

समुद्रफूल

मॉरिशसच्या मराठी लोकांचं उदाहरण इथे यायला हवं. १८३४ पासून तिथे भारतातून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे, मजूर नेले, २ नोव्हेंबरला तिथे अजून त्याचा दिवस पाळतात, पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट जागतिक वारसा यादीत आहे. मराठी कुटुंबंही त्यात होती, बरीचशी आपल्या कोकण-सातारा भागातली. आज ते घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. माझ्या ओळखीतले एक मॉरिशसचे मराठी शिक्षक भारतात आले की "आमच्या पूर्वजांच्या देशात आलो" म्हणतात आणि मायदेश म्हणजे त्यांच्यासाठी मॉरिशस, हे ते इतक्या सहज बोलतात की ऐकणाऱ्यालाही खटकत नाही. कुणी त्यांच्या मराठीपणावर शंका घेत नाही.

बेने इस्राएली अजून वेगळे. अलिबाग पेणकडचे मराठी ज्यू, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले आणि तिथून मायबोली नावाचं मराठी नियतकालिक काढलं. त्यांच्यातली जुनी माणसं भारत मातृभूमी आणि इस्राएल पितृभूमी असं म्हणताना मी ऐकलीत. मराठीत रोजच्या बोलण्यात आपल्याला पितृभूमी शब्द सहसा लागत नाही, त्यांना लागला.

पैलतीर

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. पितृभूमीवरून इथलं सांगतो. जर्मनमध्ये फाटरलांट म्हणजे अक्षरशः बापाचा देश, तो त्यांच्या राष्ट्रगीतात आहे पण रोजच्या बोलण्यात लोक बिचकून वापरतात, नाझी काळात त्या शब्दाचं जे केलं त्यामुळे. २०१८ ला सरकारच्याच समानता अधिकाऱ्यांनी राष्ट्रगीतात त्याऐवजी हायमाटलांट करा असं सुचवलं होतं, ते झालं नाही. हायमाट हा त्यांचा जिव्हाळ्याचा शब्द, आणि तो देशाला कमी आणि आपल्या परिसराला, डोंगराला, बोलीला जास्त लावतात, अगदी घाटपायथा म्हणतायत तसा देश. रशियनमध्येही दोन आहेत, रोदिना जन्मावरून आणि ओतेचेस्त्वो बापावरून.

हा धागा त्या मुलीला वाचायला दिला. तिचं उत्तर असं की साताऱ्याला सगळे तिला "तुझ्या देशात असं असतं का, तसं असतं का" विचारत होते, पंधरवडाभर, त्यामुळे परतीबद्दल लिहिताना तिला तोच शब्द सुचला. म्हणजे तिला तो देश आपणच दिला होता! काकांनी हे ऐकून स्वतःच रेघ काढून टाकली. वाक्य तसंच जातंय.

अनुवादघर

उशिरा आले. मी कागदपत्रांचे अनुवाद करते. मालाच्या पाकिटावर असतो तसा "मूळ देश" हा शब्द हल्ली माणसांनाही लावतात, आश्रयाच्या अर्जांत तर सर्रास, मला तो फार कोरडा वाटतो. पण मायदेशही तिथे घालत नाही, कारण छळ सोसून पळालेल्या माणसाच्या कागदावर माय लिहायला हात होत नाही. "जिथून आले तो देश" असं लांबलचक लिहिते, संपादक कुरकुरतात, तरी तेच ठेवते. तुमच्या वरच्या चर्चेने मला त्याचं कारण सापडलं, @काळी_माती आणि @सिंधुकाठ दोघांचे आभार.

क्रिकेटवेडा

एक शंका राहिली. "मायदेशी मालिका" बरोबर की "मायदेशातली मालिका"? आमच्या ग्रुपवर दोन्ही लिहितात.

शब्दवेडी

मायदेशातली लिहा. परदेशी हे विशेषण म्हणूनही रुळलंय (परदेशी कापड, परदेशी पाहुणा) म्हणून मायदेशीही तसं चालेल असं वाटतं, पण मायदेशी अजून फक्त क्रियापदाबरोबर येतं. मायदेशी परतले, मायदेशी पाठवलं. आणि "मायदेशीला" लिहू नका, ई मध्ये तो अर्थ आलेलाच आहे.